नमुना क्रमांक चौदा

२ जुलै

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद गृहीत धर, कामाचं आधी लिहिते.

वाचनालयामागचा आमचा तुकडा तुला माझ्या पत्रांतून पाठ झाला असेल. एका बाजूला बस आगाराची भिंत, दुसऱ्या बाजूला बँकेचं तारेचं कुंपण, मध्ये अर्धा एकर जागा. तिला कागदोपत्री कोणी वाली नव्हता, म्हणून तिथे झाडं टिकली. तीन वर्षं आम्ही पाच जण दर रविवारी सात ते दहा तिथे राबतोय. कचरा वेचतो, बाहेरून येऊन माजलेली झुडपं काढतो, इथली जपतो. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं घालवल्यावर वाटलं होतं की आता कुणावर ओरडावं लागणार नाही. तसं काही झालं नाही.

आता उद्यान खात्याचं पत्र आलंय. वाचनालयात येणाऱ्यांना गाड्या लावायला जागा पुरत नाही, म्हणून आमचा तुकडा सपाट करायचा विचार आहे. मी खात्यात जाऊन बसले. साहेब म्हणाले, "बाई, यादीतल्या एखाद्या जीवाची तिथे वीण होत असेल तरच जागा वाचते." मी म्हटलं, नारिंगी फुलपाखरं आहेत, आणि तुमच्या यादीतही आहेत. यादी त्यांना सापडेना, ती मीच कपाटातून काढून दिली. ते म्हणाले, "फुलपाखरं काय, माझ्या गॅलरीतही येतात. अळ्या दाखवा." २५ सप्टेंबरला ते पाहणीला येतील. त्या दिवशी तिथे अळी नसली तर ऑक्टोबरात तिथे मोटारी असतील.

बँकेच्या कुंपणावर एक वेल असा पसरलाय की तार दिसत नाही. पान बदामी. तो बाहेरचा असेल तर काढून फुलपाखरांसाठी जागा मोकळी करू म्हणते. दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्यात आहेत, त्यांनी मोबाइलने फोटो काढून त्यालाच विचारलं. मोबाइल म्हणाला, ही पालेभाजी असावी. तेव्हा नेहमीप्रमाणे तुलाच विचारते. नमुना क्रमांक चौदा सोबत आहे: कागदावर सपाट, डिंकाने पक्का, खाली तारीख आणि माझी सही. याआधीचे तेरा तू बिनचूक ओळखलेस. कॉलेजच्या वनस्पतीच्या प्रयोगशाळेत तू मदतनीस, तरी प्राध्यापक तुलाच विचारून वर्गावर जात, ते काही उगाच नाही.

आणखी एक. तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? चार ओळींत पान संपतं. कागद काय झाडाला लागतो?

तुझी ताई

१० जुलै

ताई,

नमस्कार. साष्टांग घालायला कंबर परवानगी देत नाही.

नमुना चौदा नीट पाहिला. बदामी पान, देठाशी खाच, कड साधी, पाठीवर लव नाही. बाहेरचा वेल आहे, नमुना बाराचाच भाऊबंद. मुळासकट काढा. मूळ राहिलं तर फिरून येतो.

कागद झाडापासूनच होतो. पेन नवीन आहे, जाड उमटतं.

तुझा,
धाकटा

२४ जुलै

प्रिय धाकट्या,

काढला. दोन रविवार लागले.

डॉक्टरीणबाईंचं काम बघण्यासारखं असतं. आधी मुळाभोवतीची माती सैल करतात, मग हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवतात आणि अख्खं मूळ बाहेर. दर वेळी धरून बघतात, टोक तुटलं तर नाही ना. मला उगाच माझी दाढ चाचपावीशी वाटते. त्यांच्या अर्ध्या कुंपणात एक तंतू उरला नसेल.

दुसरं अर्धं बसवाल्याकडे होतं. हे गृहस्थ आगारातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि सकाळी भिंतीच्या या बाजूला यायला लागले, त्यांना घरी करमत नाही. त्यांनी वेल वरून ओढला, हातात आलं तेवढं आलं, बाकी जमिनीत. मी म्हटलं, "अहो, मुळं तशीच आहेत." तर म्हणाले, "बाई, वरून स्वच्छ दिसतंय ना?" मी चारचौघांत त्यांना सांगितलं की अर्धवट कामापेक्षा न केलेलं बरं. ते बेंचवर जाऊन बसले आणि दहा वाजेपर्यंत उठले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांच्याकडून परत करून घेणार होते, पण त्यांची पाठ धरली. आमच्याकडे पाठी फार सोयीस्कर धरतात.

कुंपण आता मोकळं आहे. साहेबांना बघून बरं वाटेल.

अक्षर अजून मोठंच आहे. पेन बदल.

तुझी ताई

१ ऑगस्ट

ताई,

वेल तोडताना पांढरा चीक निघाला का? आणि वास होता का, उग्र, नकोसा?

लगेच कळव.

धाकटा

६ ऑगस्ट

धाकट्या,

चीक निघाला. आमचे सगळ्यांचे हातमोजे त्याने चिकट झाले. वासही होता. डॉक्टरीणबाई तोंडाच्या वासांना सरावलेल्या, त्यांनीही रुमाल लावला. मला वाटलं, बाहेरून आलेल्या वेलाला असायचाच.

तुझं पत्र यायच्या आदल्या रविवारी बसवाल्याला उपटलेल्या ढिगात अळ्या सापडल्या. अकरा. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे, तो म्हणाला, रस्ता ओलांडायचे पट्टे असतात तसे. ढीग वाळला होता. आम्ही त्या डब्यात ठेवल्या, दुसरी पानं दिली, अकरा प्रकारची दिली. एकीनेही तोंड लावलं नाही. बुधवारपर्यंत सगळ्या मेल्या.

आता नारिंगी फुलपाखरं येतात, जिथे वेल होता तिथे तारेवर बसतात आणि उठून जातात. परत येतात, परत जातात. रविवारी मी ते तीन तास पाहिलं.

जी अळी साहेबांना दाखवायची होती ती त्या वेलावर होती आणि तो वेल मी माझ्या देखरेखीखाली उपटवला. तुझ्या सांगण्यावरून. तेरा नमुने बरोबर आणि ज्यावर सगळं अवलंबून होतं तो चौदावा चूक. तू म्हणतोस, नीट पाहिला. काय पाहिलंस? खिडकीबाहेर बघत होतास का? मला यावर लेखी उत्तर हवं आहे.

ताई

२० ऑगस्ट

मोठ्या बाईंना नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी काकांच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी. तुमचे बंधू, त्यांना इथे सगळे काकाच म्हणतात. हे पत्र त्यांना न विचारता लिहितोय, तर कृपा करून माझ्यावर रागावू नका. आपला राग कसा असतो ते मला माहीत आहे, कारण आपली पत्रं वर्षभर मीच वाचतोय.

काकांना दिसत नाही. म्हणजे उजेड कळतो, दार कळतं, माणूस आला हे कळतं. अक्षर कळत नाही. डॉक्टर म्हणाले, मागचा पडदा गेला, आता यात शिवण घालता येत नाही. आपल्याला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. म्हणाले, ताईला कळलं तर ती पानं पाठवायची बंद करेल, मग माझ्याकडे काय उरलं? त्यांची पत्रं ते स्वतः लिहितात, मी फक्त रेघेवर बोट ठेवतो. म्हणून अक्षर मोठं. पेनाचं खोटं आहे.

आता पानाचं. पान आलं की मी माप सांगतो आणि ते ओळखतात. लांबी बोटांत, रुंदी बोटांत, कड सरळ की कातरलेली, शिरा किती. आपण कागदाला पक्कं चिकटवता म्हणून त्यांना हाताने नीट कळत नाही, डिंकाने सगळंच कडक. तेरा वेळा निभावलं. चौदाव्याला त्यांनी विचारलं, पाठीला लव आहे का? मी माझ्या भाषेत म्हणालो, अस्तर दिसत नाही. मला दिसत नव्हतंच, पाठ कागदाला चिकटलेली. मी सरळ सांगायला हवं होतं की पाठ बघताच येत नाही. पण गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्याच्या पँटला काज करायचं होतं. माझी घाई नडली.

आपलं शेवटचं पत्र वाचताना मी दोन ओळी गाळायला बघितल्या. खिडकीबाहेर बघत होतास का, ही एक. त्यांनी ओळखलं. म्हणाले, ताई एवढ्यावर थांबणार नाही, मधलं वाच. वाचलं. तेव्हापासून ते लिहीत नाहीत. जेवतात, पण विचारलं तर. जिन्यावरून खाली उतरत नाहीत. काल म्हणाले, अकरा अळ्या. आज परत म्हणाले.

आपण मोठ्या आहात. काय ते बघा.

आपला,
शिंपी

२६ ऑगस्ट

प्रिय धाकट्या, आणि शिंपीदादा,

हे मोठ्याने वाचा, गाळू नका.

शाळेच्या कचेरीत नोंद चुकली की मी तिच्याभोवती गोल करत असे आणि बाजूला चुकणाऱ्याची सही घेत असे. या चुकीवर तीन सह्या लागतील. पहिली माझी. पान पाठीच्या बाजूने कागदाला डिंकाने बसवायची सवय माझी, आणि ती शाळेतल्या फोटोंची आहे, झाडांची नाही. पाठ झाकून वर तुला विचारते, पाठीवर काय आहे. दुसरी शिंपीदादांची, पण काज करायचं होतं म्हणून अर्धी. तिसरी तुझी, न दिसता "नीट पाहिला" लिहिल्याबद्दल. आणि त्यातही मला काही न सांगितल्याबद्दल. अळ्यांबद्दल मी तुला जे लिहिलं त्यात राग होता, तो निम्मा माझा माझ्यावरच होता. तुला पाठवायला पत्ता माहीत होता, म्हणून तुझ्याकडे आला.

शिंपीदादा, हा परिच्छेद त्याला वाचून दाखवू नका. तो रात्री नीट झोपतो का? जिन्याला कठडा आहे का, आणि धड आहे का? लहानपणी त्याला अंधाराची भीती वाटायची, मी त्याला सांगायचे की अंधारात मी पुढे चालते, तू माझी वेणी धर. आता तो एकटा तिथे बसलाय आणि मी इथे त्याला अक्षरावरून टोचत होते. मला फार वाईट वाटतंय. ते त्याला सांगू नका, तो लगेच चांगलं वागायला लागतो आणि मग काही खरं कळत नाही.

इथून परत वाचा. बसवाल्याने जिथे वेल वरूनच तोडला होता, तिथे तारेवर सात कोंब आलेत. डॉक्टरीणबाईंच्या बाजूला काही नाही, त्यांचं काम चोख. पण नमुना बाराचा तो बाहेरचा वेलही त्याच कोपऱ्यात होता, त्याचंही पान बदामी, आणि कोंब इतके कोवळे आहेत की आमच्यापैकी कुणाला फरक कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाहेरचा असेल तर आत्ताच काढलेला बरा, नाहीतर झपाट्याने सगळं व्यापेल. बसवाला म्हणतो, राहू द्या. त्याचं कारण त्याने दिलं नाही. महिनाभर उरलाय. चूक करायची सवलत आता नाही.

सोबत गोळ्यांची रिकामी डबी आहे. तिच्यात सातांपैकी एका कोंबाची दोन पानं आहेत, ओल्या फडक्यात. चिकटवलेली नाहीत. शिंपीदादांनी माप घ्यायचं नाही. तू हातात घे, चुरड आणि सांग. तू म्हणशील ते आम्ही करू.

तुझी ताई

३१ ऑगस्ट

ताई,

हे शिंपी लिहितोय, मी सांगतोय. मध्ये तो आपलं काही घालेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

डबी आज सकाळी मिळाली. झाकण उघडल्याबरोबर कळलं, चुरडायची गरजच नव्हती. तरी चुरडलं. उतरण आहे, इथलाच वेल. पाठीवर लव आहे, कोवळ्या कानाच्या पाळीवर असते तशी. आणि वास तोच. प्रयोगशाळेत उतरणीची जुडी आली की विद्यार्थी खिडक्या उघडायचे आणि मी बंद करायचो, कारण वाऱ्याने कागद उडत. चाळीस वर्षं तो वास माझ्या सदऱ्याला होता. पान वाळवून चिकटवलं की वास जातो. तेरा नमुन्यांत मला एकही वास आला नव्हता, हे मी तुला कळवायला हवं होतं.

सातही कोंब ठेवा. बाराच्या वेलाला चीकच नसतो. प्रत्येक कोंबाचं एकेक पान किंचित टोचून बघा. पांढरं आलं की उतरण. याला डोळे लागतात, ते तुमच्याकडे आहेत.

बसवाल्याची माफी माग.

(बाई, तो परिच्छेद मी वाचला नाही. पण काका म्हणाले, मध्येच गप्प का झालास? मी म्हणालो, डोळ्यांत काही गेलं. ते म्हणाले, दोघांत एकाचे तरी डोळे नीट पाहिजेत, वाच. मग वाचला. नंतर काका खाली उतरून माझ्या दुकानात स्टुलावर बसले, दोन तास. कठडा धड आहे, मी आत्ताच हलवून पाहिला. शिंपी.)

धाकटा

२७ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

पाहणी झाली. सविस्तर लिहिते, कारण तुला वाचून दाखवणाऱ्याला सविस्तर आवडतं.

सातही कोंबांना पांढरं आलं. बसवाल्याची माफी मी मागितली, चारचौघांत, कारण बोलले होते चारचौघांत. तो म्हणाला, "बाई, माझी पाठ खरंच धरली होती." मी तेही मान्य केलं. नंतर कळलं की कोंब राहू द्या म्हणाला कारण परत वाकायचं नव्हतं. असो. या शहरात उतरण वाचली ती आळसाने.

महिनाभर तो रोज सकाळी येऊन बसला, रविवारीच नाही. गाडीच्या आरशात बघायची सवय, कुंपणाकडे पाठ करून बसायचा तरी त्याला कळायचं काय हललं ते. फुलपाखरं यायची, बसायची, आणि या वेळी उठून जायची नाहीत. अंडी डॉक्टरीणबाईंना दिसली, बारीक दिव्यासकट भिंग त्यांच्याकडेच. सहा. त्यांतली तीन मुंग्यांनी नेली. दोन अळ्या पाखरांनी नेल्या. पंचवीस तारखेला सकाळी उरली एक.

साहेब साडेअकराला आले, घाईत. मी पान वर केलं. साहेबांनी अळीकडे पाहिलं. अळी खात होती. ते म्हणाले, "एकच?" मी म्हटलं, "तुमच्या अर्जात किती हा रकाना नाही. 'वीण होते का: होय किंवा नाही' एवढंच आहे." त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग "होय" वर खूण केली आणि विचारलं, "या वेलाचं नाव काय?" मी सांगितलं, "उतरण." "नक्की कोणी ओळखलं?" मी म्हटलं, "माझा भाऊ. आमच्या गटाचे तज्ज्ञ." त्यांनी ते लिहून घेतलं. सरकारी कागदावर आता तू तज्ज्ञ आहेस, ते खोडायचं तर दोन खात्यांच्या सह्या लागतील.

जागेला हात लागणार नाही. बसवाला बेंचवर बसून रडला आणि म्हणाला, चीक डोळ्यांत गेला.

आता दुसरं काम. माझ्या घराची मागची खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. तिच्यात माझ्या जुन्या फायली होत्या, त्या मी रद्दीत दिल्या. तीस वर्षांचं माझं काम दोन हातगाड्यांत मावलं. खोलीपासून तुकडा तीनशे बारा पावलं, मी डोळे मिटून चालून पाहिलं, एकदा विजेच्या खांबाला आपटले, बाकी सरळ आहे. रविवारी आम्ही तुला पानं आणून देऊ, ओली, ताजी, चुरडायला. ज्या पानांना वास नाही ती तू बोटांनी बघ. आम्हा पाच जणांच्या डोळ्यांनी काय उजेड पाडला ते तू ऐकलंच आहेस.

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. मला तुझी गरज आहे, तुकड्याला आहे म्हणून नाही, मला आहे. पन्नास वर्षांत लिहिलं नव्हतं, म्हणून आत्ता लिहिते. शिंपीदादा, हा परिच्छेद दोनदा वाचा.

वेणी आता राहिली नाही, केस कापलेत. खांदा आहे.

तुझी ताई

३ ऑक्टोबर

ताई,

रविवारी येतो.

शिंपी सोडायला येतोय, त्याला अळी बघायची आहे. हे पत्र मी स्वतः लिहितोय, पान याच्यातच संपेल.

मागची बाजू कोरी आहे. नमुन्याला वापर, पण चिकटवू नकोस.

धाकटा